‘आपल्या घरात मारुतीच’ हे नेमकं ठरवतं कोण?

दसरा महिन्यावर आलाय. पोराला नोकरी लागून तीन वर्षं झालीत, कार लोन मंजूर आहे आणि गेले पंधरा दिवस यूट्यूबवर रिव्ह्यू बघणं सुरू आहे. एअरबॅग किती, क्रॅश टेस्टला स्टार किती, सगळं तोंडपाठ. रविवारी जेवताना तो विषय काढतो. वडील ताटातून मान वर न काढता एवढंच म्हणतात, "आपल्या घरात मारुतीच बरी."

विषय तिथंच संपतो.

काही घरांत हेच वाक्य टाटाबद्दल असतं, काही घरांत महिंद्राबद्दल. गावाकडं थोरल्या काकांकडं बोलेरो, धाकट्या काकांकडं बोलेरो, आणि पुण्यात राहणारा चुलतभाऊ ह्युंदाई घेऊन आला तर गणपतीचे पाचही दिवस त्याच्या गाडीचीच चर्चा. "चांगली आहे रे, पण..." या ‘पण’च्या पुढं कुणी काही बोलत नाही. बोलायची गरजही नसते.

गंमत बघा, मोबाईल घेताना कुणी वडिलांना विचारत नाही. उलट वडीलच पोरांना विचारतात. पण घर सोडलं तर सगळ्यात जास्त पैसे जिच्यावर जातात ती गाडी घेताना अचानक घराण्याची परंपरा आठवते. हे येतं कुठून?

अमेरिकेत काही अर्थशास्त्रज्ञांनी हा प्रश्न आकड्यांत मोजलाय. तिथलं मिशिगन विद्यापीठ १९६८ पासून एक सर्व्हे चालवतं. एकदा एखादं कुटुंब त्यात आलं की त्या घरातली पोरं मोठी होऊन वेगळी राहायला गेली तरी त्यांची माहिती घेणं सुरूच राहतं. त्यामुळं आईवडिलांनी कुठली गाडी घेतली आणि पुढं पोरांनी कुठली घेतली, हे शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. सोरेन अँडरसन, रायन केलॉग, ॲशली लँगर आणि जेम्स सॅली या चौघांनी नेमकं तेच केलं. त्यांचा अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. निघालं काय, तर आईवडिलांनी ज्या ब्रँडची गाडी घेतली तोच ब्रँड पोरांनी घेण्याची शक्यता ३९ टक्क्यांनी वाढते.

याचा अर्थ शंभरातली ३९ पोरं बापाचीच गाडी घेतात असा नाही. समजा एखादा ब्रँड एरवी शंभरातले २० लोक घेतात. तर ज्यांच्या घरी आधीपासून तोच ब्रँड आहे, त्यांच्यात तो आकडा २८ च्या आसपास जातो. ऐकायला किरकोळ वाटेल, पण लाखोंनी गाड्या विकणाऱ्या कंपनीसाठी हा फरक फार मोठा आहे.

आता तुम्ही म्हणाल, एकाच गावात राहणारी, साधारण सारख्याच पगाराची माणसं सारखीच गाडी घेणार, त्यात घराण्याचा काय संबंध? अभ्यास करणाऱ्यांनाही हीच शंका होती. त्यांनी उत्पन्न, राहण्याचं ठिकाण असल्या गोष्टी बाजूला काढून पुन्हा हिशोब मांडला. तरी नातं उरलंच. त्यांच्या मते याचं निदान एक कारण असं, की माणूस जे वापरलंय त्याच्याकडंच पुन्हा वळतो. आणि पोरांनी सगळ्यात आधी वापरलेली गाडी ही आईवडिलांची असते.

अमेरिकेतल्या बापाकडं निवडायला दहा-पंधरा ब्रँड होते. आपल्याकडं मात्र ही निष्ठा तयार झाली त्या काळात निवड नावाची गोष्टच नव्हती.

नंबर लावला आणि घराणं ठरलं

स्वातंत्र्यानंतर गाडी बनवायची तर सरकारचं लायसन लागायचं. किती बनवायच्या, हेही लायसनवरच ठरायचं. त्यामुळं कित्येक दशकं सामान्य माणसासाठी देशात मोजून तीन घरं होती. बंगालात उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसिडर, मद्रासला स्टँडर्ड आणि मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरची फियाट.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली ती सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला अमेरिकन गाड्या जोडल्या जायच्या, नंतर इटलीच्या फियाटशी करार झाला आणि फियाट ११०० आली. सत्तरच्या दशकात तो करार संपला, गाडी प्रीमियरच्या नावानं यायला लागली आणि १९७४ ला तिचं नाव पडलं पद्मिनी. लोकांनी मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अख्ख्या देशात वर्षाला पन्नास हजारसुद्धा गाड्या बनत नव्हत्या. पैसे भरून नंबर लावायचा आणि कित्येक वर्षं वाट बघायची. नंबर लावला तेव्हा पोरगं शाळेत आणि गाडी दारात आली तेव्हा कॉलेजात, असं सर्रास व्हायचं. गाडी इतकी दुर्मिळ की वापरलेली गाडी शोरूमच्या किमतीपेक्षा महाग विकली जायची. अशी वस्तू माणूस दोन-चार वर्षांत बदलत नाही. एकच फियाट पंधरा-वीस वर्षं घरात राहायची. त्याच गाडीतून बारशाला जायचं, त्याच गाडीतून लेकीची पाठवणी व्हायची.

पण मुंबईत फियाट आणि कलकत्त्यात ॲम्बॅसिडर असं का झालं? कारखाना कुठं होता हे एक उत्तर झालं. दुसरं उत्तर टॅक्सीत आहे. मुंबईची काळीपिवळी फियाट होती. हजारो टॅक्सी म्हणजे हजारो बिघाड, म्हणजे शेकडो मेकॅनिक, म्हणजे पार्ट विकणारी अख्खी बाजारपेठ. कुर्ल्यात, चोर बाजारात फियाटचा कुठलाही पार्ट मिळायचा. नवा मिळायचा, जुना मिळायचा, कुणाच्या तरी गाडीतून काढलेलाही मिळायचा. अशा शहरात ॲम्बॅसिडर घेणारा माणूस हौशी म्हणायचा. कलकत्त्यात नेमकं उलटं.

आणि या गाड्या बिघडायच्या. वारंवार बिघडायच्या. आज जुन्या गाड्यांबद्दल गळा काढून बोलणारे हे सोयीस्करपणे विसरतात.

पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असायचा. थंडीत चोक ओढून गाडी सुरू करावी लागायची, आणि चोक किती ओढायचा हे प्रत्येक गाडीचं वेगळं. मे महिन्यात खंबाटकी किंवा बोरघाट चढताना इंजिन तापलं की पाइपमधल्या पेट्रोलचीच वाफ व्हायची, पुढं पेट्रोल पोचायचंच नाही आणि गाडी बंद पडायची. मग बॉनेट उघडायचं, पेट्रोल ओढणाऱ्या छोट्या पंपावर ओलं फडकं ठेवायचं, मुलांना कडेला झाडाखाली बसवायचं आणि दहा मिनिटांनी पुन्हा स्टार्टर मारायचा.

हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नव्हतं. बापाकडून पोराकडं आलं. आणि दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली की ते सगळं पाण्यात. कुठला आवाज साधा आणि कुठला धोक्याचा, घाटात काय करायचं, गॅरेजवाला किती पैशांना फसवतोय, हे सगळं पुन्हा शून्यापासून शिकायचं. बाहेरून निष्ठा दिसते, तिच्या आत बऱ्याचदा हा हिशोब असतो.

त्यात गॅरेजवाला हा तर घरातलाच माणूस. पुण्यात नाना पेठेतून पार्ट आणायचा, गॅरेजवाल्याकडं द्यायचा, तो रात्रीतून गाडी उभी करायचा आणि पैसे पगारानंतर घ्यायचा. लग्नाची पत्रिका त्याच्याकडं जायची. नवी गाडी कुठली घ्यावी हे विचारायलाही त्याच्याकडंच जायचं आणि त्याचा सल्ला काय असणार? जी गाडी त्याला उघडता येते तीच. आजोबांकडून वडिलांकडं जो वारसा आला तो बऱ्याच घरांत ब्रँडचा कमी आणि या माणसाच्या फोन नंबरचा जास्त होता.

मग फियाटवाले मारुतीवाले कसे झाले?

१४ डिसेंबर १९८३. इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली हरपाल सिंग यांच्या हातात दिली. लकी ड्रॉमध्ये त्यांचा नंबर लागला होता. गाडीची किंमत साधारण पन्नास हजार. हरपाल सिंग यांनी ती गाडी २०१० मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत विकली नाही.

फियाट-ॲम्बॅसिडरची जाड पत्र्याची सवय असलेल्या लोकांनी मारुतीला आधी नावं ठेवली. काडेपेटी म्हणाले, पत्र्याचा डबा म्हणाले. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, हे काय घाट चढणार? पण ती चढली. सकाळी किल्ली फिरवली की एका झटक्यात सुरू झाली. गाडीसोबत कंपनीचं सर्व्हिस स्टेशन आलं आणि घाटातल्या ओल्या फडक्याची गरज संपली.

म्हणजे फियाटवाल्या घरांची निष्ठा कुणी भाषण देऊन मोडली नाही. ज्या कारणासाठी ती होती ते कारणच राहिलं नाही.

मग मारुतीभोवती नवी कारणं जमा झाली. त्यातलं एक कुणी मोजत नाही, ते म्हणजे ड्रायव्हिंग स्कूल. गावोगावच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये डोक्यावर ‘एल’चा बोर्ड लावलेली मारुती ८०० असायची, पुढं अल्टो आली. क्लच कुठं सुटतो, गाडीचं नाक कुठं संपतं, हे एका पिढीचे हातपाय मारुतीवर शिकले. ज्या घरात वडिलांना फियाट यायची पण आईला कधी शिकवलीच नाही, त्या घरांतल्या बायका, मुली मारुतीवर गाडी शिकल्या. पहिली गाडी घेताना हात ओळखीच्या गाडीकडंच जातो.

दुसरं कारण रिसेल. मारुती लगेच विकली जाते, कारण घेणाऱ्याला माहीत असतं की आपल्यालाही ती पुढं लगेच विकता येईल. सगळ्यांना वाटतं की सगळ्यांना मारुतीच हवी असते. एवढ्या समजुतीवर बाजार चालतो. ती समजूत खोटी नसते, कारण सगळे तसंच वागतात. २०१८-१९ मध्ये देशात विकल्या जाणाऱ्या दर दोन प्रवासी गाड्यांतली एक मारुतीची होती.

ग्रामीण महाराष्ट्रात मात्र गणित वेगळं होतं. तिथं महिंद्रा. कंपनीनं १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढं त्याच जातकुळीच्या गाड्या खेड्यापाड्यात पोचल्या. कोल्हापूर-सातारा भागात ज्याला वडाप म्हणतात, त्यात वर्षानुवर्षं जीप आणि कमांडर होत्या. ज्या गाडीत पंधरा माणसं, दोन करडं आणि टपावर कांद्याची पोती जातात, ती गाडी आपल्या शेताच्या रस्त्याला टिकणार हे लोकांनी डोळ्यांनी बघितलं होतं. त्यासाठी कुठल्या जाहिरातीची गरज नव्हती.

पिंपरी-चिंचवडमध्ये अजून एक प्रकार. वडील ‘टेल्को’त, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, कामाला. जिथून पगार आला, पोरांची शिक्षणं झाली, त्या कंपनीची गाडी सोडून दुसरी दारात कशी लावणार? नाशकात महिंद्राच्या कारखान्याभोवतीही हेच.

पण वारशानं प्रेमच येतं असं नाही, रागही येतो. टाटाची इंडिका डिसेंबर १९९८ मध्ये आली. पूर्ण भारतीय गाडी म्हणून लोकांनी उड्या मारून बुकिंग केलं. सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारीही तेवढ्याच आल्या. कंपनीनं दुरुस्त्या केल्या, २००१ मध्ये सुधारलेली इंडिका व्ही२ आणली, ती चांगली चालली. टॅक्सीवाल्यांनी तर डोक्यावर घेतली. पण ज्या घराला पहिल्या लॉटमधली गाडी मिळाली, त्या घरात ‘टाटाचं काही खरं नाही’ हे वाक्य कायमचं मुक्कामाला आलं. ती गाडी ज्यानं कधी चालवलीही नाही, असा आज पंचविशीतला पोरगाही ते वाक्य बोलतो.

कंपन्यांना हे सगळं माहीत असतं

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी १९२० च्या दशकातच शिडी लावून ठेवली होती. पहिली गाडी शेवरोले, पगार वाढला की पाँटियाक, मग ओल्ड्समोबिल, ब्यूक आणि आयुष्यात जम बसला की कॅडिलॅक. माणूस गाडी बदलायचा, पैसे मात्र एकाच कंपनीकडं जायचे. मारुतीनं २०१५ मध्ये नेक्सा नावाची वेगळी शोरूम काढली, त्यामागंही हाच विचार दिसतो. अल्टोवाला मोठा साहेब झाला की त्यानं दुसऱ्या कंपनीच्या शोरूमकडं वळू नये.

म्हणूनच छोट्या गाडीवर कमी नफा मिळाला तरी चालतो. ती एका गिऱ्हाइकाला विकलेली नसते, अख्ख्या घराला विकलेली असते.

पण ही निष्ठा एकतर्फी असते. १९९६ मध्ये फियाट उनो आली तेव्हा जुन्या विश्वासावर दोन लाखांहून जास्त लोकांनी बुकिंग केलं. कुर्ल्याच्या कारखान्यात संप झाला, गाड्या वेळेवर मिळाल्या नाहीत आणि वाट बघून कंटाळलेले फियाटवाले दुसरीकडं गेले. आता बाजारात दुसरीकडं जायला जागा होती. शेवरोलेनं २०१७ च्या शेवटी भारतात गाड्या विकणं बंद केलं. पुण्याजवळचा तळेगावचा त्यांचा कारखाना आता ह्युंदाईकडं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डनं भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. ज्यांच्या घरी दोन-दोन फोर्ड होत्या, त्यांच्या गाड्या एका दिवसात ‘पार्ट मिळतील ना?’ या प्रश्नासकट उभ्या राहिल्या.

यातली सगळ्यात भारी गोष्ट फियाटचीच आहे. २००७ मध्ये मारुतीनं स्विफ्ट डिझेल आणली. फियाट सोडून मारुतीकडं आलेल्या कितीतरी घरांनी ती घेतली, मायलेजचं कौतुक केलं, "मारुतीचं इंजिन म्हणजे इंजिन" म्हणून पाव्हण्यांना सांगितलं. ते १.३ लिटरचं डिझेल इंजिन होतं फियाटचं. मारुती ते लायसन घेऊन बनवत होती. टाटाच्या काही गाड्यांतही तेच होतं. म्हणजे मारुतीवाले आणि टाटावाले कट्ट्यावर भांडत होते तेव्हा दोघांच्या बॉनेटखाली एकाच कंपनीची मशीन.

इथपर्यंत सगळं गमतीचं. पण जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतातल्या पाच गाड्यांच्या बेसिक मॉडेलची क्रॅश टेस्ट केली. मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य स्टार. प्रत्येक घराची लाडकी गाडी त्यात होती. तोपर्यंत गाडी निवडताना मायलेज, पार्ट आणि रिसेल हे तीनच प्रश्न घरात विचारले जायचे. धडक झाली तर आतल्या माणसाचं काय, हा प्रश्न वारशात आलेलाच नव्हता. आजोबांच्या काळात तो विचारायची सोयही नव्हती.

डिसेंबर २०१८ मध्ये टाटाच्या नेक्सॉनला पाच स्टार मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. ‘टाटाचं काही खरं नाही’ म्हणणाऱ्या घरांतली पोरं हा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकायला लागली. २०१८-१९ मध्ये निम्म्याच्या वर असलेला मारुतीचा वाटा २०२३-२४ पर्यंत ४१ टक्क्यांच्या आसपास आला. त्याचं सगळं श्रेय स्टारला देता येणार नाही, लोकांना एसयूव्ही हवी होती आणि तिथं मारुती उशिरा पोचली, हेही कारण आहेच. पण २०२४ मध्ये चाळीस वर्षांत पहिल्यांदा वर्षभरात सगळ्यात जास्त विकलेली गाडी मारुतीची नव्हती. टाटा पंचनं वॅगन आरला मागं टाकलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मारुतीच्या नव्या डिझायरलाही ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार मिळाले. त्यामुळं आता ‘मारुतीच घ्या’ म्हणणाऱ्या वडिलांच्या हातातही एक व्हिडिओ आहे.

मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली. शेवटची टॅक्सी २००३ मध्ये नोंदवलेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपली. तिला उघडून जोडणारे हातही बहुतेक रिटायर झालेत.

आणि आता घरातली चर्चा इलेक्ट्रिक गाडीवर आलीय. पोरगं ऐकत नाही, वडीलही थोडे मऊ झालेत. टेस्ट ड्राइव्ह झाली, गाडी आवडली, आवाज नाही म्हणून आईला जास्तच आवडली. सही करण्याआधी वडील शोरूमच्या बाहेर येऊन तीस वर्षांच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याला फोन लावतात. तो सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, "घ्या की साहेब, चांगली गाडी आहे. फक्त माझ्याकडं आणू नका. तिच्यात मला काय कळत नाय."

वडील फोन खिशात ठेवून तिथंच थोडा वेळ उभे राहतात.